कपाटातला झेडएक्स स्पेक्ट्रम पुन्हा चालू करताना: कशानंतर काय करायचं

झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक. बहुतेक स्पेक्ट्रम कपाटात पडून खराब होत नाहीत. कपाटातून काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत होतात. प्रकार ठरलेला असतो. माळ्यावरून खोकं खाली येतं, घरातला कुठलातरी 'नऊ व्होल्टचा' अ‍ॅडॅप्टर सापडतो, पिन बसते, टीव्हीवर काहीच दिसत नाही, म्हणून पिन चार-पाच वेळा काढघाल होते. त्यानंतर यंत्र दुरुस्तीला येतं तेव्हा मूळ बिघाड कोणता आणि उत्साहाच्या भरात झालेला कोणता, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. एका टप्प्यावर एकच नवी गोष्ट जोडायची, ती मोजून पाहायची, मगच पुढे जायचं. अ‍ॅडॅप्टर, बोर्ड, चित्र, कळफलक, कॅसेट, असा हा क्रम आहे. मधला टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्यावर दोन शंका एकदम उभ्या राहतात.

हे मार्गदर्शन रबरी कळांच्या १६के आणि ४८के (म्हणजे १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमसाठी आहे, तसंच कडक कळांच्या स्पेक्ट्रम प्लससाठी. आपल्याकडे परवान्याखाली विकला गेलेला डेसिबेल्सचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' असेल तर त्यालाही हाच क्रम लावा. १२८के आणि त्यानंतरच्या प्लस टू, प्लस थ्री या यंत्रांची वीजरचना वेगळी आहे, त्यामुळे खाली दिलेले आकडे त्यांना लावू नका. अमेरिकेतून आलेला टायमेक्स सिंक्लेअर २०६८ हे तर निराळंच यंत्र आहे.

## टप्पा १: सामान जमवा

यंत्राला हात लावण्याआधी एवढं टेबलावर असू द्या:

- डिजिटल मल्टिमीटर, आणि त्याच्या काळ्या प्रोबला लावायला मगरचिमटा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के
- मऊ ब्रश, कापसाच्या काड्या, पांढरा खोडरबर
- चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर
- दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची मोनो पिन असलेली वायर
- १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा एक कपॅसिटर (टप्पा ५ साठी)

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. सोल्डरिंग आयर्न सध्या बाजूलाच ठेवा. ती हाताशी असली की गरज नसताना वापरली जाते.

अल्कोहोलऐवजी हँड सॅनिटायझर चालत नाही. त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट थर बोर्डावर राहतो. गंज काढायचा तेलकट स्प्रेही नको. तो कळफलकाच्या पातळ पडद्यात शिरला की पडदा गेला म्हणून समजा.

इंटरनेटवर एक सल्ला सर्रास मिळतो: चालू करण्याआधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाका. मला तो पटत नाही. कपॅसिटर सुजलेला असेल, त्यातून द्रव झिरपला असेल, तर तो बदलायलाच हवा. पण एकही मोजमाप न घेता डझनभर ठिकाणी डाग दिलेत आणि मग यंत्र चाललं नाही, तर जुना बिघाड आणि तुमच्या हातचा नवा बिघाड यांत फरक कसा करणार? आधी मोजा. बदलायचं ते नंतर.

## टप्पा २: अ‍ॅडॅप्टर एकटाच तपासा

यंत्राला काहीही न जोडता. सर्वात जास्त यंत्रं इथे बळी पडतात, म्हणून हा टप्पा जरा रेंगाळत वाचा.

स्पेक्ट्रमचा मूळ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा आहे. त्याच्या गोल पिनच्या आतल्या भोकात ऋण आणि बाहेरच्या नळीवर धन असतं. घरात पडलेल्या राउटरच्या, खेळण्यांच्या, सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा बरोबर याच्या उलट असतं. पिन मात्र दोन्हींची सारखीच बसते. उलट ध्रुवता गेली की आधी रेग्युलेटर आणि वीजविभागातले ट्रान्झिस्टर जातात, आणि कधीकधी त्यांच्यामागून मेमरीही.

मूळ अ‍ॅडॅप्टर असेल तर:

१. वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपा. पिनेजवळ आणि डब्याजवळ ती हमखास पिचलेली असते. चीर दिसली तर वायर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. डबा हलवून पाहा. आत काही खडखडत असेल तर भिंतीला लावू नका. उघडायचा असेल तर २३० व्होल्टचं काम येणाऱ्या माणसाकडेच द्या.

३. ब्रिटिश प्लग असेल तर चांगला, घट्ट बसणारा कन्व्हर्टर घ्या. अ‍ॅडॅप्टर २४० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी बनलेला आहे, आपल्या २३० व्होल्टवर तो व्यवस्थित चालतो. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर असेल तर इथे लावायचाच नाही.

४. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब पिनेच्या बाहेरच्या नळीला, काळा आतल्या भोकात. आकडा धन यायला हवा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर तो अ‍ॅडॅप्टर या यंत्राचा नाही.

> घाबरू नका: भार नसताना मूळ अ‍ॅडॅप्टर १३-१४ व्होल्ट दाखवतो. तो अनरेग्युलेटेड आहे, यंत्र जोडलं की आकडा खाली येतो. 'नऊचे चौदा झाले' म्हणून चांगला अ‍ॅडॅप्टर टाकून देणारे बरेच आहेत.

नवीन घ्यायचा असेल तर ९ व्होल्ट, किमान १.५ अँपिअर, आत ऋण. गिटारच्या पेडलसाठी वाद्यांच्या दुकानात मिळणारे ९ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर याच ध्रुवतेचे असतात, पण त्यातले कित्येक अर्ध्या अँपिअरचे असतात, तेव्हा डब्यावरचा आकडा वाचून घ्या. आणि ध्रुवता बदलता येणारा, फिरत्या टोकाचा 'युनिव्हर्सल' अ‍ॅडॅप्टर नकोच. कोणीतरी एक दिवस तो उलटा लावणार.

## टप्पा ३: खोकं उघडणं

रबरी कळांच्या स्पेक्ट्रमला खालून पाच स्क्रू आहेत. प्लसला त्याहून जास्त, आणि ते सगळे एकाच लांबीचे असतीलच असं नाही. म्हणून कुठला स्क्रू कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा.

स्क्रू निघाले की यंत्र सरळ करा आणि वरचं झाकण फक्त दोन-तीन बोटं उचला. झाकणापासून बोर्डापर्यंत प्लॅस्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या जातात, एक पाच रेघांची आणि दुसरी आठ रेघांची. कळफलक याच पट्ट्यांनी जोडलेला आहे. चाळीस वर्षांत हे प्लॅस्टिक पापडासारखं ठिसूळ झालेलं असतं. झाकण झटक्यात उघडलं की पट्टी कनेक्टरच्या तोंडाशीच तुटते.

पट्टी शक्य तितकी खाली, कनेक्टरजवळ धरा आणि सरळ वर ओढा. डावी-उजवीकडे हलवत काढू नका. निघाल्यावर झाकण वेगळं ठेवून द्या, टप्पा ६ पर्यंत त्याचं काही काम नाही. कळफलक नसतानाही बोर्ड चालू होतो आणि पडद्यावर संदेश दाखवतो.

आता मोबाइलने बोर्डाचे वरून, चारही बाजूंनी फोटो काढा. कपॅसिटरांच्या दिशा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पुढे एखादा बदलायची वेळ आलीच तर बोर्डावर छापलेल्या अधिकच्या खुणेवर एकट्यावर विसंबू नका, जुना कसा बसला होता तेही पाहा. बोर्डाचा 'इश्यू' (आवृत्ती) क्रमांकही छापलेला असतो, तो लिहून ठेवा. इश्यू वन असेल तर इथेच थांबा. तो दुर्मिळ आहे, त्याची आतली मांडणी बरीच वेगळी आहे, शिकण्यासाठी ते यंत्र नाही.

सुरुवातीच्या बोर्डांवर रंग जुळवण्यासाठी फिरवायचे बारीक स्क्रू आहेत. त्यांना हात लावू नका. चित्र बिघडलेलं असण्याचं कारण ते क्वचितच असतात, आणि एकदा फिरवले की जागेवर आणणं कठीण.

## टप्पा ४: बोर्ड, आधी थंड आणि मग गरम

### वीज न देता

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहिलेल्या यंत्राच्या मागच्या सोनेरी पट्टीवर हिरवट-काळा थर असतो. खोडरबराने हलकेच घासा, मग अल्कोहोलने पुसा. खोडरबराचा भुगा ब्रशने पूर्ण झटका. बोर्डावर धूळ-जाळी असेल तर तीही ब्रशनेच.

आता मल्टिमीटर ओहमवर. काळा प्रोब चिमट्याने टीव्ही-सॉकेटच्या धातूच्या डबीला लावा, ती ग्राउंड आहे. लाल प्रोबने तीन जागा पाहायच्या आहेत. त्यासाठी खालच्या मेमरीच्या आठ चिप शोधा, बोर्डावर आयसी ६ ते आयसी १३ असं छापलेलं असतं. या ४११६ जातीच्या चिप आहेत, आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात.

| पिन | काय असायला हवं |
|---|---|
| १ | उणे ५ व्होल्ट |
| ८ | अधिक १२ व्होल्ट |
| ९ | अधिक ५ व्होल्ट |
| १६ | ग्राउंड |

चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरली की डावीकडची सर्वात वरची पिन १. तिथून खाली ८ पर्यंत, मग समोरच्या बाजूने ९ पासून वर १६ पर्यंत.

> इथे जाणकारही फसतात: त्या काळच्या नेहमीच्या १६ पायांच्या लॉजिक चिपमध्ये ८ वर ग्राउंड आणि १६ वर ५ व्होल्ट असतात. ४११६ मध्ये ८ वर १२ व्होल्ट आहेत. हातवळणाने काळा प्रोब ८ वर लावलात तर पुढचं सगळं मोजमाप चुकीचं येईल.

पिन १, ८ आणि ९ यांपैकी कुठेही ग्राउंडशी जवळपास शून्य ओहम आले तर वीज द्यायची नाही. पिन ८ वर शॉर्ट असेल तर बहुधा एखादी मेमरी चिप किंवा कपॅसिटर आतून जोडला गेलेला आहे.

### वीज देऊन

अ‍ॅडॅप्टर भिंतीत बंद असताना पिन यंत्रात बसवा, मग भिंतीवरचं बटण दाबा. यंत्राला स्वतःचं बटण नाही. म्हणून लोक पिन काढघाल करूनच चालू-बंद करतात, आणि दर वेळी वीज अडखळत जाते. भिंतीवरचं किंवा वायरमधलं बटण वापरा. करंट-मर्यादेचा बेंच सप्लाय हाताशी असेल तर उत्तमच, ९ व्होल्ट आणि एक अँपिअरची मर्यादा पुरते.

पहिल्यांदा दहा सेकंद. या दहा सेकंदांत फक्त नाक आणि बोट वापरा. वास येतो का? एखादी मेमरी चिप शेजारच्या चिपांपेक्षा चटका देण्याइतकी तापते का? ७८०५ रेग्युलेटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि यूएलए ही मोठी चिप गरम होणारच, ते साहजिक आहे.

सगळं शांत असेल तर पुन्हा चालू करून त्याच तीन पिना मोजा, पण आधी १, मग ९, मग ८. प्रोबच्या टोकाला टेप गुंडाळून फक्त मिलिमीटरभर धातू उघडा ठेवा. पिन ८ वरून टोक शेजारी घसरलं तर १२ व्होल्ट थेट अ‍ॅड्रेस-रेषेत जातात, आणि मग दुरुस्तीचा हिशेबच बदलतो.

- पिन १: उणे ४.५ ते उणे ५.५
- पिन ९: ४.७५ ते ५.२५
- पिन ८: १०.८ ते १३.२

पिन १ वर उणे व्होल्ट येत नसतील तर ताबडतोब बंद करा. उणे ५ नसताना १२ व्होल्ट मिळत राहिले तर या जातीची मेमरी स्वतःच जळते. 'बघू, पडद्यावर काय दिसतंय' म्हणून यंत्र चालू ठेवणं म्हणजे एका बिघाडाचे आठ करणं.

उणे ५ आणि १२ दोन्ही बिघडलेले असतील तर संशयित नंबर एक टीआर४ हा ट्रान्झिस्टर. त्याच्या जोडीला टीआर५ आणि तांब्याच्या वेटोळ्याची कॉइल. हे सगळं मिळून ९ व्होल्टपासून १२ आणि उणे ५ तयार करतं. इथली नेहमीची चूक अशी: टीआर४ मेलेला सापडतो, नवा बसतो, वीज दिली की तोही मरतो. कारण टीआर४ बहुतेक वेळा परिणाम असतो. १२ व्होल्टच्या रेषेवर शॉर्ट झालेली मेमरी त्याला मारते. म्हणून नवा बसवण्याआधी पिन ८ ते ग्राउंड पुन्हा ओहममध्ये मोजा, आणि कॉइल तुटलेली नाही हेही पाहा.

पाचच व्होल्ट गायब असतील तर ७८०५ तपासा. छापील बाजू तुमच्याकडे केली की डावा पाय आवक, मधला ग्राउंड, उजवा जावक. डावीकडे ९ च्या आसपास आहेत आणि उजवीकडे नाहीत, तर तो बदला. पत्र्यामागची पांढरी पेस्ट वाळून खडू झालेली असते, तीही नवी लावा.

## टप्पा ५: चित्र

तिन्ही व्होल्ट ठीक असल्याशिवाय टीव्ही जोडू नका.

स्पेक्ट्रमचं टीव्ही-सॉकेट अँटेनाचा सिग्नल देतं, यूएचएफ चॅनेल ३६ वर, म्हणजे सुमारे ५९१ मेगाहर्ट्झ. ते सॉकेट दिसायला पिवळ्या व्हिडिओ-पिनेसारखं असतं, म्हणून बरेच जण ती वायर टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात लावतात आणि काळा पडदा पाहून यंत्र मेलं असं जाहीर करतात. वायर अँटेनाच्या सॉकेटात जायला हवी, टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर हवा, आणि शोध हाताने घ्यायला हवा. आपोआप शोधताना टीव्ही हा अशक्त सिग्नल बऱ्याचदा ओलांडून जातो. आवाजाची वाट पाहू नका, तो यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

टीव्हीला अ‍ॅनालॉग ट्यूनर नसेल तर सॉकेटातून थेट व्हिडिओ काढायचा. धातूच्या डबीत (मॉड्युलेटर) बोर्डाकडून दोन तारा शिरतात, एकीवर ५ व्होल्ट, दुसरीवर व्हिडिओ. मल्टिमीटरने आधी पाच व्होल्टची तार ओळखा, उरलेली व्हिडिओची. नुसतं पाहायचं असेल तर काहीही न कापता, १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा धन पाय त्या व्हिडिओच्या तारेला, ऋण पाय टीव्हीच्या पिवळ्या पिनेच्या मधल्या टोकाला, आणि ग्राउंड डबीला जोडा. चित्र आलं तरच कायमचा बदल करा: दोन्ही तारा डबीपासून सोडवायच्या, डबीतला सॉकेटच्या मधल्या टोकाशी असलेला जुना जोड काढायचा, आणि व्हिडिओची तार कपॅसिटरमार्गे त्या टोकाला न्यायची. जुना जोड तसाच राहिला तर चित्र फिकट आणि धूसर येतं. हीच पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते.

निरोगी यंत्र चालू केल्यावर असं दिसतं: क्षणभर काळा पडदा, त्यावर उभ्या बारीक लाल रेघा, मग त्या पुसल्या जातात, पडदा पांढरा होतो आणि तळाशी © १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ येते. लाल रेघा म्हणजे बिघाड नाही. यंत्र मेमरीच्या प्रत्येक घरात २ हा आकडा भरून ती तपासत असतं, आणि पडद्याची मेमरीही त्यातच येते. ४८के ला यात सेकंद-दोन सेकंद लागतात.

लाल रेघांवरच अडकलं, किंवा रंगीत चौकटींचा गोंधळ स्थिर राहिला, तर संशय खालच्या मेमरीवर. पडद्यावर नुसती मुंग्यांची गर्दी असेल तर दोष बोर्डात नाही, ट्यूनिंगमध्ये आहे.

## टप्पा ६: कळफलक

वीज बंद करा. पट्ट्यांची टोकं अल्कोहोलने पुसा, दोन्ही पट्ट्या कनेक्टरात सरळ ढकला, मग वीज द्या. एंटर दाबलं की संदेश जाऊन लुकलुकणारं इंग्रजी 'के' अक्षर यायला हवं.

सर्व चाळीस कळा एकेक करून दाबा. काही चालत नसतील तर कुठल्या चालत नाहीत ते कागदावर लिहा. यंत्राला कळा आठ ओळी आणि पाच स्तंभांच्या जाळीत दिसतात, त्यामुळे तुटकी रेघ स्वतःच आपला पत्ता सांगते.

- शेजारशेजारच्या पाच कळा मृत, उदाहरणार्थ १ ते ५ किंवा क्यू ते टी: आठ रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली आहे.
- विखुरलेल्या आठ कळा मृत, उदाहरणार्थ १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस: पाच रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली आहे.
- एखादीच कळ मृत: कळांखालच्या पातळ पडद्याचा तेवढाच भाग झिजला आहे.

तूट अगदी टोकाला असेल तर पट्टी दोन-तीन मिलिमीटर काटकोनात छाटून पुन्हा बसवता येते. असं एखाद-दोनदाच जमतं, लांबी तेवढीच असते. त्यापलीकडे नवा पडदा घ्या, तो आजही बनतो. रबरी यंत्रात पडदा बदलायचा तर वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा निघायला हवा, आणि तो दुहेरी टेपने चिकटलेला आहे. केस वाळवायच्या ड्रायरने हळूहळू ऊब देत एका कोपऱ्यापासून सोडवा. एकदा वाकला की त्या पत्र्यावरची वळी जात नाही.

### मेमरी पूर्ण आहे ना?

कॅसेटकडे वळण्याआधी ही एक तपासणी करा. ती न केल्यामुळे लोक तासन् तास टेपरेकॉर्डरशी झगडत बसतात.

स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षर-अक्षर लिहायच्या नसतात, एका कळेवर पूर्ण शब्द येतो. क्रमाने: पी दाबा (प्रिंट). कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून सोडा, मग ओ (पीक). २३७३२. सिम्बॉल शिफ्टसह के (अधिकचं चिन्ह). २५६. सिम्बॉल शिफ्टसह बी (गुणाकाराची चांदणी). पुन्हा दोन्ही शिफ्ट, ओ. २३७३३. एंटर.

उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण. ३२७६७ आलं तर यंत्राला १६केच दिसत आहे. यंत्र ४८के चं असून हे उत्तर आलं, तर वरच्या मेमरीत बिघाड आहे, आणि ४८के साठीचे खेळ कितीही चांगल्या टेपवरून लोड केले तरी चालणार नाहीत.

## टप्पा ७: कॅसेट

आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत पाहा. पावसाळे काढलेल्या कॅसेटवर रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली की बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती बाजूला काढा. टेपच्या मधोमध मागे असलेला छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला नाही ना, तेही पाहा.

टेपरेकॉर्डरचं हेड आणि पिंच रोलर अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतात.

मग, स्पेक्ट्रमला जोडण्याआधी, कॅसेट संगणकावर वाजवून वेव्ह फाइल करून ठेवा. पहिलं वाजवणं हेच कधीकधी सर्वात चांगलं वाजवणं ठरतं. ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. एमपी३ मध्ये साठवू नका. ते कानासाठी आवाजाची काटछाट करतं, आणि इथे ऐकणारा कान नाही.

लोड करण्याचा क्रम:

१. वायर टेपरेकॉर्डरच्या इअरफोन सॉकेटातून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटात. 'माइक'ची वायर काढून ठेवा. साठवताना उलट: 'माइक' जोडा, 'इअर' काढा.

२. आवाज तीन चतुर्थांश, ट्रेबल पूर्ण, बास कमी.

३. जे दाबा (पडद्यावर लोड उमटतं), मग सिम्बॉल शिफ्टसह पी दोनदा, एंटर. एल-ओ-ए-डी लिहायला गेलात तर पहिल्याच एल ला 'लेट' उमटेल.

४. टेप सुरू करा आणि पडद्याची किनार पाहा.

किनार सगळं सांगते. वाट पाहताना ती लाल आणि आकाशी अशी सावकाश बदलते. सलग, सारख्या जाडीच्या लाल-आकाशी पट्ट्या आल्या म्हणजे सुरुवातीचा स्थिर सूर नीट ऐकू येतो आहे. त्याची वारंवारता सुमारे ८०७ हर्ट्झ. मग बारीक निळ्या-पिवळ्या रेघा, म्हणजे प्रत्यक्ष माहिती. पट्ट्या आल्याच नाहीत तर आवाज वाढवा किंवा वायर तपासा. पट्ट्या येतात पण थरथरतात, तर आवाज जास्त आहे किंवा हेडचा कोन सरकलेला आहे. कार्यक्रमाचं नाव दिसतं आणि पुढे 'टेप लोडिंग एरर' येतो, तर तुम्ही काठावर आहात. आवाज थोडासाच बदला.

हेडचा कोन बदलणारा बारीक स्क्रू प्ले दाबल्यावर हेडच्या एका बाजूला दिसतो. टेप वाजवत, कानाने ऐकत, तो पाव फेऱ्याच्या आत फिरवा आणि आवाज सर्वात धारदार लागतो तिथे थांबा. मूळ जागेची खूण मार्करने आधी करून ठेवा. हा कोन प्रत्येक कॅसेटचा वेगळा असू शकतो, त्यामुळे तुमच्याच मशीनवर भरलेल्या दुसऱ्या कॅसेट आता वाजेनाशा होतील.

मोबाइलवरून वेव्ह फाइल वाजवत असाल तर इक्वलायझर आणि आवाज 'सुधारणारे' सगळे परिणाम बंद, फोन विमान मोडवर, आवाज पूर्ण. ब्लूटूथ नाही. स्टिरिओ फाइलचे दोन्ही चॅनेल एकत्र करण्यापेक्षा फक्त डावा चॅनेल मोनो करून वापरा. दोन चॅनेल थोडे पुढे-मागे असले तर एकत्र केल्यावर एकमेकांना खातात. काही फोनचा हेडफोन-आवाज स्पेक्ट्रमला पुरतच नाही. तेव्हा लॅपटॉप घ्या किंवा मध्ये लहान अ‍ॅम्प्लिफायर लावा.

## टप्पा ८: मागची पट्टी, सर्वात शेवटी

जॉयस्टिकचा इंटरफेस, मायक्रोड्राइव्ह, प्रिंटर, जे काही मागच्या सोनेरी पट्टीवर बसतं, ते यंत्र इतर सगळ्या बाबतींत ठीक चालल्यावरच. आणि नेहमी वीज बंद करून. त्या पट्टीवर ९ व्होल्टची अनरेग्युलेटेड वीज आणि प्रोसेसरच्या नाजूक रेषा जवळजवळ आहेत. चालू यंत्रात इंटरफेस किंचित तिरका बसला तरी त्या एकमेकींना टेकतात. टीआर४ मरण्याचं हे दुसरं मोठं कारण.

पट्टीत एका जागी खाच असते आणि इंटरफेसच्या कनेक्टरात तिथे अडसर असतो. जुन्या इंटरफेसमध्ये तो अडसर पडून गेलेला असतो, मग कनेक्टर एक घर डावीकडे किंवा उजवीकडेही आरामात बसतो. अडसर नसेल तर प्लॅस्टिकचा तुकडा कापून तिथे चिकटवा, आणि तो चिकटवेपर्यंत तो इंटरफेस वापरू नका. बसवल्यावर यंत्र टेबलावर ढकलू-ओढू नका. इंटरफेसचं वजन पट्टीवर लोंबतं आणि खेळ रंगात आला की जोड हलतो.

खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. नुसती यंत्राची पिन काढलीत तर अ‍ॅडॅप्टर रात्रभर तापत राहतो.